फुलमतीने सांगितलं ते

अगं वैशाली, ये, अशी जवळ ये आधी आणि कान दे, कारण मी तुझ्यावर रागावले आहे. परवा गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केलीस, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता कागदांचा तो गठ्ठा माझ्या ओट्यावर ठेवलास, 'काकू, सावकाश वाचा, नावं तेवढी तपासा' असं दाराकडे बघून म्हणालीस आणि घोटभर पाणीही न पिता निघून गेलीस. डॉक्टर झालेल्या बाईने असं पाहुण्यासारखं बाहेरून बोलून जायचं असतं का? रागावून झालं, आता खरं सांगते. मी दाराच्या आतच उभी होते. तुझा आवाज ओळखूनही बाहेर आले नाही. तुझी गाडी वळल्याचं ऐकलं, मगच कडी काढली.

मी तेव्हा कूलरच्या ताट्या भिजवत होते. वाळ्याला वर्षातलं पहिलं पाणी लागलं की घरभर जो ओलसर, मुळांचा, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा गंध पसरतो, तो आला म्हणजे नागपूरचा उन्हाळा उंबऱ्याशी येऊन बसला असं मी इतकी वर्षं धरून चालत आले. रस्त्यापलीकडचा कडुलिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरला आहे, सकाळच्या कोवळ्या उन्हाला दहाच्या आत धार चढते आहे, आणि ज्यांच्याकडे आता घरात नळ आहे त्या बायकांना या दिवसांचं काही वाटत नाही. मला मात्र या वासामागून आणखी एक वास येतो. टँकरच्या सुटलेल्या नळीतून तापल्या मुरमावर पाणी सांडायचं, तेव्हा उठणारा. तो सुखाचा नाही. त्या वासात मी जे करून बसले आहे, तेच आज तुला सांगायचं आहे.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा किती लहान दिसत होतीस. समाजकार्याच्या कॉलेजची विद्यार्थिनी, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून उठून थेट आमच्या रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत आलेली, खांद्यावर कापडी पिशवी आणि हातात कोरी वही. गल्लीत उभी राहून तू विचारलंस, "ताई, तुमच्या समस्या काय आहेत?" आणि आमच्या शांताने, जिची जीभ आजही तशीच आहे, पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर सावरत उत्तर दिलं होतं, "समस्या एकच हाय, बाई. तुमच्यासारख्या पोरी येतात, लिहून नेतात, अन् पाणी काई आणत नाई." साऱ्या हसल्या. तू मात्र वही पिशवीत घातलीस आणि शांताच्या घरचा रिकामा ड्रम उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. त्या क्षणी तू मला आवडलीस. एवढ्या वर्षांत ते आवडणं कमी झालेलं नाही, म्हणूनच हे लिहिणं इतकं जड जातं आहे.

पुढचे दोन उन्हाळे आपण दोघींनी निवेदनं लिहिली. तू मजकूर सांगायचीस आणि अक्षर माझं असायचं. माझं शिक्षण दुसरीतलं. कामठीला बाबांच्या हातमागापाशी कांड्या भरता भरता शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून आणि किराणाच्या पुड्यांवरून जमवली, वाक्यं विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांमधून, आणि जड जड शब्दांची मला अशी काही गोडी लागली की लग्नाच्या निमंत्रणातसुद्धा एखादा संस्कृत शब्द घातल्याशिवाय मला राहवत नाही. महापालिकेतल्या साहेबांनी एकदा माझं निवेदन वाचून विचारलं होतं, हे कोण्या मास्तरांनी लिहून दिलं? तो दिवस मी कितीतरी महिने मिरवला. आपण त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलो, ऊन चुकवत सावलीबरोबर सरकत राहिलो, आणि अखेर जलवाहिनी आली. गल्लीतल्या पहिल्या नळाला पाणी आलं तेव्हा तू तुझा ओढणीचा पदर धरून रडलीस. मी रडले नाही. मी आपली सगळ्यांकडे बघत होते, की बघा, हे मी केलं.

त्या दोन उन्हाळ्यांतली एक गोष्ट तुला ठाऊक नाही.

टँकर रोज सकाळी यायचा. त्याच्या आधी तासभर भांडी येऊन रांगेत उभी राहायची. स्टीलचे गुंड, प्लास्टिकचे ड्रम, रंगाचे रिकामे डबे. ज्याचं भांडं जिथे, त्याचा हक्क तिथे, मालकीण घरात पोळ्या लाटत असली तरी. त्यावरून रोज कुणाचं तरी कुणाशी वाजायचं. "तुह्या गुंडाले पाय फुटले का वं? काल मागं होता, आज समोर कसा आला?" असं कुणी म्हणायचं, आणि दुसरी म्हणायची, "तुह्या तोंडाले फुटले तसेच." ही भांडणं मिटवावीत म्हणून आमच्या महिला समितीतल्या सगळ्यांनी नंबर लावायचं काम माझ्याकडे दिलं. आणि मी एक नियम केला. जिच्या घरचं माणूस मोर्च्याला, निवेदनाला, कार्यालयात येईल, तिचा गुंड पुढे. जी येणार नाही, तिचा शेवटी. तू एकदा कौतुकाने विचारलं होतंस, "काकू, एवढ्या बायका रोज कशा येतात हो?" मी म्हणाले होते, "जाग्या झाल्या, पोरी." ते वाक्य तू लिहून घेतलंस. पुढे तू त्याच कॉलेजात शिकवायला लागलीस, तेव्हा दरवर्षीच्या नव्या मुलींना विहाराच्या ओसरीवर बसवून तू ते वाक्य सांगायचीस, आणि मी बाजूला बसून मान डोलवायची.

फुलमती त्या रांगेत कायम शेवटी असायची. तिचं घर तुला माहीत आहे, गल्ली जिथे नाल्याशी संपते तिथलं, निळ्या ताडपत्रीचं. छत्तीसगडहून आलेली, बांधकामावर विटा वाहणारी बाई. ती मोर्च्याला कधीच आली नाही, म्हणून तिचा गुंड शेवटी. पण ती स्वतः रांगेत नसायचीच, ती पहाटेच नाक्यावर गेलेली असायची. रांगेत तिची मुलगी असायची, पौर्णिमा, आईची लाडकी 'नोनी', सातवीतली. निळ्या फ्रॉकवर दप्तर अडकवलेलं, एक हात गुंडावर. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. तिचा नंबर लागेपर्यंत टँकरच्या तळाचं गढूळ पाणी उरायचं आणि शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. सुरुवातीला ती गुंड घरी ठेवून पळत जायची. पुढे पळेनाशी झाली. नंतर दप्तर आणेनाशी झाली. मी हे रोज पाहत होते, वैशाली. मी नंबर लावत होते, तेव्हा मला न दिसण्याची सोयच नव्हती. पण नियम एकीसाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो, असं मी स्वतःला बजावायची आणि त्या बजावण्याचाही मला अभिमान वाटायचा.

नळ आला, रांग संपली, आणि काही वर्षांनी तू पीएच.डी.ला बसलीस. पाण्याच्या लढ्यात बायकांचं आयुष्य कसं बदललं, हा तुझा विषय. बायकांना दुपारीच वेळ मिळतो आणि दुपारी तुझे तास. आवाज टिपायला मोबाइल समोर धरला की त्यांचं बोलणंच आटतं. म्हणून तू लांब वही आणि प्रश्नांचा कागद माझ्या हाती दिलास. "काकू, तुमच्याइतकं विश्वासाचं मला कोणी नाही," असं म्हणालीस, आणि मग एकच गोष्ट तीन-तीनदा बजावलीस, "ऐकाल तसंच लिहायचं. त्यांचे शब्द, त्यांचंच बोलणं. तुमचं एक अक्षरही आत घालायचं नाही." मी तेव्हा हसले. एवढं काय त्यात, वाटलं.

फुलमतीकडे मी गेले ती दुपार मला आजही पुरती आठवते. आत भट्टीसारखा उकाडा, चुलीच्या राखेचा आणि सुकत घातलेल्या कांद्याचा वास, आणि ताडपत्रीतून गळणारा निळसर उजेड तिच्या विटांनी सोललेल्या हातांवर पडलेला. मी प्रश्न वाचला, नळ येण्याआधी घरातलं पाणी कोण भरायचं. तिने माझ्या वहीकडे बघितलं. मग म्हणाली, "लिहून राहिल्या ना बाई? मंग लिहा. माह्या नोनीची शाळा तुमच्या नंबरानं गेली. मी मोर्च्याले कशी येऊ? एक दिवस खाडा केला तं मुकादम दुसऱ्या दिवशी उभंच करत नाई. हे मी तुमाले तवाच सांगतलं होतं. तुमी म्हटलं, सगळ्यायले सारखा नियम. सारखा नाई होता, बाई. तुमाले पाणी पहिले भेटे, अन् माह्या नोनीले गाळ." आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तसं ती बोलली, आणि मग विचारलं, "लिहिलं?"

मी लिहिलं. काय लिहिलं ते तुझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात आहे. 'नळ आल्यामुळे माझी मुलगी वेळेवर शाळेत जाऊ लागली. महिला समितीने सर्वांना समान वागणूक दिली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.' विटा वाहणाऱ्या बाईच्या तोंडी 'कृतज्ञ'. अवतरणचिन्हांत, बदललेल्या नावाखाली. तुला त्या शब्दाचा संशय कसा आला नाही, असं विचारायचं धाडस मला नाही. ज्या माणसावर आपण पूर्ण भार टाकतो, त्याच्या अक्षरात आपण चूक शोधत नसतो.

तेव्हा मी मनाला सांगितलं, यात वैशालीचंच भलं आहे. लढ्याला डाग कशाला? एवढी मेहनत करून पोरीने उभं केलेलं काम, त्यात एका बाईचा राग कशाला नोंदवायचा? पण ते खोटं होतं. मी तुला वाचवत नव्हते, मला वाचवत होते.

आणि एवढ्यावर भागलं नाही. तुझ्या खुल्या मौखिक परीक्षेला तू मला पहिल्या रांगेत बसवलंस. मी मोरपंखी रंगाची साडी नेसले होते. तू उभी राहून ते वाक्य वाचलंस, आणि समोरच्या परीक्षकांनी, पांढऱ्या केसांच्या त्या सौम्य बाईंनी, चष्मा वर करून विचारलं, "या मुलीचं पुढं काय झालं?" तू गोंधळली नाहीस. वळलीस, माझ्याकडे हात केलास आणि म्हणालीस, "हे आमच्या काकूच सांगतील." सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. पौर्णिमा तेव्हा सिव्हिल लाइन्सकडच्या दोन घरी पोळ्या करायला जात होती. मी उठून म्हणाले, "शिकून राहिली, मॅडम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे अभिमानाने बघितलंस, आणि मी खाली बसून साडीचा पदर सारखा करत राहिले.

त्या दिवसापासून मी तुला टाळते आहे. तुला वाटतं काकूंचे गुडघे दुखतात. गुडघे दुखतात, ते खरं आहे. पण बुद्धजयंतीला तू आलीस तेव्हा मी कामठीला भावाकडे गेले होते, ते गुडघ्यांमुळे नव्हे.

आता या प्रबंधाचं पुस्तक होतं आहे, आणि परवा तू छापण्याआधीची पानं ठेवून गेलीस. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी ती ओट्यावर घेऊन बसले होते. नेमकं पाचवं प्रकरण वर होतं. फुलमती कामावरून परतत होती, डोक्यावरचं फडकं सोडत ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "हे तेच का बाई, पुस्तक?"

"हो."

"माह्या नोनीचं कोणत्या पानावर हाय?"

तिला वाचता येत नाही. मी म्हणाले, "तुले काहून पाहिजे वं ते?"

"काहून म्हंजे? पौर्णिमाले मी सांगतलं ना, तुह्या शाळेचं कसं झालं ते वैशाली मॅडमच्या मोठ्या पुस्तकात लिहून हाय. तिच्या सासरी बी सांगतलं. तिची सासू म्हणते, सातवीतून पळाली पोरगी, मन नसन लागलं शिकण्यात. म्हटलं, पळाली नाई. पुस्तक निंगू द्या, दाखवतो." मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट करून ती म्हणाली, "वाचून दाखवा ना."

एवढी वर्षं ती या समजुतीवर चालली होती, वैशाली. मला वाटत होतं, ती बोलली आणि विसरली. तिने ते एकदाच सांगितलं होतं, कारण एकदा सांगून पुरेल असं तिला वाटलं होतं. समोर लिहिणारी बाई बसली होती आणि तिच्या हातात पेन होतं.

मी चष्मा लावला. पानावर बोट ठेवलं. आणि पानावर होतं ते न वाचता, तिने त्या दुपारी जे सांगितलं होतं, ते वाचलं. माह्या नोनीची शाळा तुमच्या नंबरानं गेली, इथपासून गाळापर्यंत. एकही शब्द अडला नाही. मी विसरले असते तर तेवढा तरी आडोसा मला राहिला असता. पण माझ्या आत ते सगळं जसंच्या तसं होतं. तू सांगितलं होतंस तसं, ऐकलं तसं. फक्त कागदावर नव्हतं.

तिने मान हलवली. "बरोबर हाय. असंच म्हटलं होतं मी." मग माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुमचं बी नाव खराब होते तं याच्यात. तरी लिहिलं. दुसरी कोणी असती तं नसतं लिहिलं, बाई." आणि फडकं झटकून ती उठली, नाल्याच्या दिशेने गेली. तिच्या पायांना लागलेली सिमेंटची भुकटी माझ्या पायरीवर तशीच राहिली होती. मी दिवेलागणीपर्यंत ती झाडली नाही.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर घागर ठेवून उभं राहावं लागायचं, कुणी दया येऊन वरून ओतेल तोवर. ओतणाऱ्या बाया वाईट नव्हत्या गं, म्हणायची, त्यांना फक्त आम्ही किती वेळ उभ्या आहोत ते दिसायचं नाही. हे ऐकत मी मोठी झाले, हेच मी तुझ्या विद्यार्थिनींना विहारात सांगत आले, डोळ्यांत पाणी आणून. आणि माझ्या हातात रांग आली तेव्हा मी निळ्या फ्रॉकमधल्या एका मुलीला दोन उन्हाळे उभं केलं. इतरांच्या अन्यायाविषयी इतकं चांगलं बोलता येणं हीच माझी सवय झाली होती काय? मला ठाऊक नाही. हल्ली मला माझं बोलणं लांबून, दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकू येतं, आणि त्यातले जड शब्द टोचतात.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या डॉक्टरकीला यामुळे काय होईल, पुस्तक थांबेल का, तुला कुणापुढे उत्तर द्यावं लागेल का, यातलं काहीच मला समजत नाही, आणि त्या भीतीनेच मी आजवर गप्प होते. पण ती सासू पुस्तक उघडेल, कुणाकडून तरी वाचून घेईल, आणि तिथे 'कृतज्ञ' असेल. फुलमतीची लेक तिथे दुसऱ्यांदा खोटी ठरेल. हे मात्र मला समजतं.

पानं मी परत पाठवलेली नाहीत. ती माझ्या पेटीत आहेत, आणि तू स्वतः आल्याशिवाय ती मी कुणाच्या हाती देणार नाही. फुलमतीला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं, की आधी तू ऐकायला हवंस, हे कालपासून माझ्या मनात मागेपुढे होत राहिलं आहे. रविवारी ती घरी असते. तू ये. वही आण, आणि पेन तू धर. माझ्या दारावरून जाशील तेव्हा थांबू नकोस, हाकही मारू नकोस, मी बाहेर येणार नाही. सरळ गल्लीच्या शेवटी जा. तिच्याशी बोलून झालं आणि त्यानंतरही तुझे पाय माझ्याकडे वळले, तर दार उघडंच असेल. पण लवकर ये गं, वैशाली. या रविवारीच ये.